पाटावरचा पाव्हणा

खिडकीची जागा मी कधी कोणाला मागितली नाही आणि कधी कोणाला दिली नाही. सालेकशाहून गोंदियाला सकाळच्या पॅसेंजरनं मी आयुष्यभर अपडाऊन केलं. गोंदियात एका राईस मिलमध्ये पोत्यांची तोंडं शिवायचं माझं काम. दाभण, सुतळी आणि दिवसभर उभं राहणं. तेव्हा गाडीत तरी बसूनच जायचं, असा माझा हट्ट. शाळा माझी चौथीत सुटली, पण चालत्या गाडीच्या खिडकीतून बाकावर खांद्यावरचा दुपट्टा कसा टाकायचा हे मला कोणी शिकवावं लागलं नाही. इंजिनाकडं तोंड, उजव्या हाताला खिडकी. तिथं मी बसलो का डब्यातले लोक समजायचे, बुढा आला, आता गाडी सुटते.

आणि तरी त्या डब्यात लोक मला ओळखत नव्हते, त्याला ओळखत होते.

तो दरेकशाहून बसायचा. दरेकसा आमच्या एक ठेसन अगोदर, डोंगरात, जंगलात. तिथं गाडीत थोडी जागा असते, सालेकशाला जागा संपते आणि आमगावला श्वास संपतो. म्हणजे त्याला बाकावर बसायला रोज मिळत होतं. पण हा बाकावर बसतच नव्हता. घरून पाट आणायचा. जेवायला बसतो तो लाकडी पाट, बिजाच्या लाकडाचा, काळाभोर. दाराजवळच्या मोकळ्या जागेत तो पाट मांडायचा, दुपट्ट्याच्या टोकानं पुसायचा, चपला काढून एका अंगाला ठेवायचा आणि मांडी घालून ताठ बसायचा. अंगात खाकी सदरा, कारण एका सरकारी हापिसात तो चपराशी होता. बारीक माणूस. पण पाटावर बसला का असा दिसायचा, जणू आता याच्यापुढं ताट येईल, वाढपी येईल आणि आपण सगळे याच्याच घरच्या लग्नाला आलो आहोत.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हसलो. म्हटलं, येऊ दे आमगाव. तुडवतील याला.

आमगाव आलं. कॉलेजचे पोट्टे घुसले, भाजीच्या टोपल्या घेऊन बाया घुसल्या, दुधवाले घुसले. दाराशी असा रेटा झाला का पोटातला चहा वर यावा. आणि त्या रेट्यात त्याच्या पाटाभोवती वीतभर जागा मोकळी राहिली. कोणी पाटाला पाय लावला नाही, कोणी ओलांडून गेला नाही. आमच्याकडं पाटावर बसलेला माणूस पाव्हणा असतो. त्याला ओलांडत नाहीत, त्याला उठ म्हणत नाहीत. तो उठेल तेव्हा उठेल. घरातली ही रीत त्यानं उचलून रेल्वेच्या डब्यात आणून ठेवली होती, आणि लोकांनी ती मुकाट्यानं पाळली. मी एवढ्या वर्षांत खांद्यानं जी जागा मिळवली, ती यानं मांडी घालून मिळवली.

त्या दिवसापासून माझ्या मनात एकच होतं. या माणसाला पाटावरून उठताना पाहायचं. गोंदिया यायच्या आधी. बस, एकदा.

मी त्याला एकदा विचारलंही, "दरेकशाले तं बाकावर जागा राहते. मंग खाली काऊन बसतेस?"

"बाकावर बसलं का जागा राखा लागते जी, दादा," तो म्हणाला. "कोनी उभं दिसलं का मन खाते, नाही दिसलं का भेव लागते, आता कोनी येते का काय. पाटावर तसं नाही. बुड टेकलं का राजा."

आजूबाजूच्या बाया हसल्या. मी काही हसण्यासारखं विचारलं नव्हतं.

त्याचं बोलणंच असं. गर्दीला तो गर्दी म्हणत नसे. दाराशी कोणी कुरकुरला, का बापा, आज तं मरण आहे, तर हा खालून म्हणायचा, "गर्दी नोहे जी, लगन हाये. नवरदेव येवाचा हाये, थोडं सरका." मग कोणीतरी धापा टाकत डब्यात चढायचा, आणि सगळा डबा ओरडायचा, "आला, आला, नवरदेव आला!" रोज तेच. रोज हसायचे. मला त्यात काय एवढं हसण्यासारखं आहे ते आजतागायत समजलं नाही. आणि त्या दाराशी चढणाऱ्या माणसाचं तोंड पाहायला मी रोज मान का वळवत होतो, तेही समजलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी तो जंगलातली चारं, म्हणजे चारोळीची फळं, आणायचा, टेंभरं आणायचा, पळसाच्या पानात बांधून. पाटाभोवती वाटायचा. धानोलीच्या भाजीवाल्या बाया टोपल्या सोडून त्याच्याभोवती बसू लागल्या. मग पोट्टे बसू लागले. पाहता पाहता अशी वेळ आली का मिळालेलं बाक सोडून माणसं खाली जाऊन बसत. मिलमध्ये वजनकाट्यावर माझा एक सोबती होता, त्याच्यासाठी मी बाजूची जागा दुपट्टा टाकून रोज धरून ठेवायचो. तो गुदम्याला, गोंदियाच्या एक ठेसन आधी, चढायचा. एक दिवस चढला, माझ्याकडं पाहून हात केला आणि तिकडंच पाटाजवळ बसला. मी दुपट्टा तसाच ठेवला. गोंदियापर्यंत ठेवला.

दुपट्ट्यावरून आठवलं. एकदा नवा टीसी आला. छत्तीसगडकडचा असावा. दाराशीच त्यानं याला पाहिलं आणि म्हणाला, "ये क्या लगा रखा है? रास्ते में? चलो, उठो."

मी खिडकीतून तोंड आत घेतलं, नीट वळून बसलो. म्हटलं, आता उठते हा.

तो हात जोडून म्हणाला, "जोहार साहेब. पाटावर हाये जी. ठेसन आलं का सोताच उठतो."

टीसी काही बोलणार, तेवढ्यात एक भाजीवाली बाई म्हणाली, "साहब, तुम्हारे घर में पाट पे बैठे आदमी को उठाते क्या?"

टीसी थांबला. त्याच्या तोंडावरचा राग कुठं गेला कोणास ठाऊक. "नहीं उठाते, अम्मा," म्हणाला. पाटाला वळसा घालून, अंग चोरून आत आला आणि सरळ माझ्यापाशी उभा राहिला. बाजूच्या जागेवरचा दुपट्टा दोन बोटांनी उचलून म्हणाला, "और ये किसका है? कपड़े का टिकट है क्या?"

सगळा डबा हसला. एका पोट्टीला तिथं बसवून टीसी गेला. तो पाटवाला मात्र हसला नाही. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि पानातली चारं एका बाईच्या हातून माझ्याकडं पाठवली. मी घेतली नाहीत. खिडकीतून बाहेर पाहत बसलो. एका दुधवाल्यानं गजाला बाहेरून डब्बा अडकवला होता, तोच पाहत बसलो.

त्याच्या हापिसात मला एकदा कामानं जावं लागलं. साहेबाच्या दाराशी स्टुलावर तो बसला होता. घंटी वाजली, तो उठला. आत जाऊन आला, बसला. साहेब बाहेर आला, उठला. साहेब गेला, बसला. परत घंटी. मी समोरच्या भिंतीशी उभा राहून पाहत होतो, आणि खोटं कायले सांगू, मला बरं वाटत होतं. माझं काम झालं तरी मी जरा वेळ थांबलो. त्यानं मला पाहिलं, तसा तो उठूनच होता, म्हणाला, "या जी दादा. पाहा, अठी दिवसभर उठबस. मनून गाडीत मी उठत नाही."

संध्याकाळच्या गाडीत तो परत पाटावर, मांडी घालून, ताठ. हापिसात पाहिलेलं सगळं मनात घोळवत मी खिडकीत बसलो होतो, पण त्याच्याकडं पाहिलं आणि माझं सुख गुदम्यापर्यंतही टिकलं नाही.

खरी आग लागली ती माझ्या बायकोमुळं. तिच्या डोळ्यांत फूल पडलं होतं. गोंदियाच्या डॉक्टराकडं न्यायचं होतं. मी म्हटलं, पाहू दे तिला आपला नवरा गाडीत कसा जातो. त्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी डब्यात शिरलो, एका पोट्ट्याचा झोला उचलून वर ठेवला आणि तिला माझ्या जागेवर बसवलं. खिडकीत. मी तिच्यापुढं उभा राहिलो, कोणाचा धक्का लागू नये म्हणून. तिनं एकदा बाहेर पाहिलं, एकदा आत पाहिलं. दाराशी हसणं चाललं होतं.

"तठी काय होऊन राहिलं?" ती म्हणाली.

"काही नाही. रिकामे लोक."

धानोली गेली आणि ती उठली. "हवा डोळ्याले लागते," म्हणाली आणि माणसांतून वाट काढत तिकडं गेली. पदर सावरून पाटाशेजारी खाली बसली. मी जागा सोडून जाऊ शकत नव्हतो, जागा गेली असती. मग मीच खिडकीत बसलो. तो काहीतरी सांगत होता, हात हलवत होता. आणि माझी बायको हसली. साधं नाही, तोंडावर पदर घेऊन, मागं टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिला एवढ्या मोठ्यानं हसता येते हे मला माहीत नव्हतं.

गोंदिया ठेसनच्या पुलावर ती म्हणाली, "तुमच्या गाडीत येवढी मजा राहते, मले कवा सांगतलं नाही तुमी."

"मी खिडकीत राहतो."

"होय," ती म्हणाली. "दिसलं."

त्यानंतर रोजचं सुरू झालं. घरी पाय ठेवला का पाणी द्यायच्या आधी विचारणार, "आज काय मनला तो भाऊ?" मी म्हणायचो, मला काय माहीत. तर तोंड उतरायचं. मग मी ऐकायला लागलो. खिडकीत बसून, वाऱ्यात, दुधाच्या डब्ब्यांच्या खडखडाटात, कान दाराकडं. अर्धंमुर्धं ऐकू यायचं. एकदा काहीच ऐकू आलं नाही, तर मी माझ्याच मनानं एक गोष्ट जोडून सांगितली, एका बैलाची. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि म्हणाली, "हे त्यानं नसन सांगतलं."

तेव्हा मी गावातल्या सुताराला पाट घडवायला सांगितला. जुन्या दाराचं सागवान होतं माझ्याकडं. त्याच्या पाटाहून हातभर रुंद, चारी कोपऱ्यांना पितळी फुल्या, खाली पाय कोरलेले. सुतार म्हणाला, "लगन हाये का घरी?" मी म्हटलं, तू घडव.

तो पाट घेऊन मी गाडीत चढलो. त्याचं दार मी घेतलं नाही. पलीकडच्या दाराशी मांडला, पुसला, चपला काढल्या, बसलो. ताठ बसलो. मांडी घालताना गुडघा कटकन वाजला, तो कोणी ऐकला नाही. धानोलीला एका दुधवाल्यानं माझ्या मांडीला लागून पाटावर कॅन टेकवली. पाट रुंद होता ना. मी म्हटलं, "पाट हाये हा." तो म्हणाला, "होय काका, मजबूत हाये." आमगावला पोट्टे मला ओलांडून गेले. एक बाई मासोळ्यांची टोपली माझ्या पाठीशी ठेवून उभी राहिली, तिचं पाणी सागवानावर गळत राहिलं. शेवटी मी उठलो. मला कोणी उठवलं नाही, मीच उठलो. खिडकीकडं गेलो तर तिथं दुसराच माणूस झोपलेला. गोंदियापर्यंत पाट काखेत धरून उभा राहिलो आणि ज्याला त्याला कोपरा लागत गेला. "काका, तुमचा पाट लागून राहिला." "काका, पाट वर धरा."

तिकडच्या दारातून तो मोठ्यानं म्हणाला, "दादा, मस्त घडवला जी! सागवान न?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. मी पाट दुसऱ्या काखेत घेतला.

घरी पाट भिंतीला टेकवून ठेवला. बायको म्हणाली, "कायले आनला हा?"

"पाव्हण्यांसाठी," मी म्हटलं.

तिनं पाट हुंगून पाहिला. मासोळीचा वास येत होता.

मग त्याच्या नोकरीचा शेवटचा दिवस आला. दिवाळीनंतरचे दिवस, गावोगाव मंडईची जत्रा भरते तेव्हाचे. माणसं नव्या कपड्यांत, लेकरंबाळं घेऊन इकडून तिकडं जात असतात. त्या दिवशी गाडी आली तीच अशी भरून का दारातून हात बाहेर लोंबत होते. मी दुपट्टा टाकायला खिडकी शोधली, तर प्रत्येक खिडकीत दोन-दोन डोकी. कसातरी चढलो. माणसांनी मला दाबलं, फिरवलं, ढकललं आणि आणून सोडलं कुठं, तर त्याच्या पाटाच्या काठाशी. माझी नडगी पाटाला टेकली होती. तो खाली, गळ्यात झेंडूची माळ, बायांनी घातलेली. मी वर, एका हातानं दाराच्या वरची कडी धरून. मिलमध्ये आदल्या दिवशी पाठ भरून आली होती. सारखा एका पायावरून दुसऱ्या पायावर येत होतो, पण ते गाडीमुळं.

आमगाव यायच्या आधी त्यानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. जरा वेळ पाहिलं. मग हात टेकला आणि उठला.

सगळ्या डब्यानं माना वळवल्या. कोणी त्याला गोंदियाच्या आधी उभा पाहिला नव्हता. उभा राहिल्यावर तो माझ्या खांद्यालाही पुरत नव्हता.

"बसा जी, दादा," तो म्हणाला.

मी म्हटलं, "मी कोणाची बसलेली जागा घेत नाही."

"बसलेली कोठी हाये? मी उठलो न."

"मंग बस परत."

"पाटावरून उठला मानूस परत बसते का? जेवन झालं माझं." त्यानं हसून माळ सारखी केली. "बसा. तुमचंच पान हाये आता."

एक भाजीवाली बाई पाठीमागून म्हणाली, "बस न वो बापू! केवढे नखरे करतेस? नवरी बी बसते याच्याहून लवकर!"

लोक हसले. मी बसलो नाही. मला त्याला उठलेलं पाहायचं होतं, ते मी पाहत होतो. पण मी उठवलं नव्हतं, टीसीनं उठवलं नव्हतं, गर्दीनं उठवलं नव्हतं. हा आपला आपणच उठला, आणि तेही माझ्यासाठी. आता मी खाली बसलो असतो तर माझ्याजवळ राहिलं काय असतं?

आमगावला आणखी माणसं घुसली. एकमेकांच्या छातीला छाती लागली, लेकरं खांद्यांवर गेली, एक पोट्टा एका पायावर उभा होता. आणि आम्हा दोघांच्या मध्ये तो काळा पाट रिकामा पडून होता. कोणी त्यावर बसलं नाही. कोणी पाय ठेवला नाही. गुदमा गेला. तो माझ्याकडं पाहत होता, मी दाराबाहेर पाहत होतो. गोंदियाला गाडी थांबली, तेव्हा माझी बोटं कडीवरून सुटेनात.

त्यानं पाट उचलला, पुसला, काखेत घातला. "दादा," म्हणाला, "तुमी जबर हा." आणि पुलाकडं निघून गेला. पुलाखालून ऑटोवाले रोजच्यासारखे ओरडले, "ओ पाटवाले बाबा!"

पुढं कितीतरी दिवस दाराजवळची ती जागा लोक सोडून उभे राहत. सवयीनं. मी खिडकीतून पाहायचो. कोणी नवा माणूस तिथं उभा राहू गेला का बाया म्हणायच्या, "अठी नको, तिकडं सरक." मग तेही बंद झालं. डबे बदलले, दारं रुंद झाली, माणसं मोबाईलमध्ये मान घालून उभी राहू लागली. माझी मिल सुटेपर्यंत खिडकी माझी होती. घरी गेल्यावर कोणी काही विचारत नव्हतं.

मी घरी बसलो त्याच्या दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी तो आमच्या दारात उभा राहिला. सदरा पांढरा होता, काखेत पाट नव्हता, म्हणून मी पटकन ओळखलं नाही. बायकोनं ओळखलं. फूल काढून तिचे डोळे आता माझ्याहून बरे होते. त्याच्या लेकीचं लगन होतं, हळदीकुंकवाच्या बोटांची पत्रिका घेऊन आला होता. आमचं गाव त्याला कसं माहीत, तर त्या एका दिवशी गाडीत हिनंच सांगून ठेवलेलं.

"जोहार, दादा."

"ये," मी म्हटलं.

बायकोनं पाय धुवायला पाणी दिलं. आणि मी काही म्हणायच्या आत भिंतीचा सागवानी पाट काढला, पदरानं पुसला आणि ओसरीत मांडला. त्यावर आजवर कोणी बसलं नव्हतं. तो बसला. मांडी घातली, पाठ ताठ केली. माझ्या घरात, माझ्या पाटावर, आणि मी त्याला उठ म्हणू शकत नव्हतो.

त्यानं तळहातानं लाकूड चाचपलं, पितळी फुलीवर अंगठा फिरवला. "दादा, हा तोच न जी?"

"तोच."

"लगित रुंद हाये." तो एका अंगाला सरकला आणि उरलेल्या जागेवर हात थापटला. "या. दोघं मावतो."

बायको चुलीपासून माझ्याकडं पाहत होती. चहाचं भांडं तिच्या हातातच होतं.

मी खाटेवर बसलो. खाट पाटाहून उंच असते.

मग तिनं चहा आणला, त्याच्यापुढं ठेवला आणि तिथंच खाली बसली. तो लेकीच्या सासरचं काही सांगू लागला, सोयऱ्यांची नक्कल करू लागला, आणि ती तोंडावर पदर घेऊन हसली, तशीच, मागं टेकून. जेवायची वेळ होऊन गेली तरी तो उठला नाही. मीही उठलो नाही.

आमची खाट खिडकीशी आहे. हवा चांगली लागते तिथं.